बॉसमन नावाचा कुणी नव्हताच

२०१४ चा मे महिना होता आणि आम्ही जैसलमेरकडे होतो. सकाळपासून वाळूचं वादळ सुटलं होतं. दहा पावलांवरचा तंबू दिसत नव्हता. दुपारचं फायरिंग रद्द झालं आणि पोरं रिक्रिएशन रूममध्ये जमली. सिग्नलच्या एका पोराकडे हार्ड डिस्क होती. त्याने ‘विंग कमांडर’ नावाचा इंग्रजी सिनेमा लावला. अंतराळातली लढाई आहे, गेमवरून काढलाय, एवढीच माहिती त्याने दिली. मी तेव्हा नायब सुभेदार होतो. मागे खुर्ची टाकून बसलो, मुख्यतः पंखा होता म्हणून.

सिनेमा संपेपर्यंत पोरं हसून हसून बेजार झाली होती. मी मात्र मध्येच उठून बाहेर गेलो होतो. का गेलो, ते कुणाला सांगितलं नाही. आज सांगतो.

आधी सिनेमाविषयी. तो १९९९ च्या मार्चमध्ये अमेरिकेत लागला. मूळ गेम १९९० चा. तो बनवणाऱ्या ख्रिस रॉबर्ट्सनेच सिनेमाचं दिग्दर्शन केलं. साल २६५४. माणसांचं किलराथी नावाच्या मांजरासारख्या दिसणाऱ्या जमातीशी युद्ध चालू आहे. किलराथी एक ठाणं लुटतात आणि पृथ्वीकडे येण्याची वाट दाखवणारं यंत्र पळवतात. ते चाळीस तासांत पृथ्वीवर पोचणार, आपलं आरमार बेचाळीस तासांत. मधले दोन तास शत्रूला थोपवायचं काम ‘टायगर क्लॉ’ नावाच्या एकाच विमानवाहू जहाजाच्या वाट्याला येतं. त्या जहाजावर ब्लेअर आणि मार्शल हे दोन नवे वैमानिक येतात.

एवढं ऐकून सिनेमा चांगला असेल असं वाटतं. तो चांगला नाही. तीन कोटी डॉलर खर्चून केलेल्या या सिनेमाने तिकीटबारीवर त्याच्या निम्मेही कमावले नाहीत. त्याच वेळी ‘स्टार वॉर्स’च्या नव्या भागाची जाहिरात या सिनेमाला जोडून दाखवत होते, आणि कित्येक लोक तेवढ्यासाठी तिकीट काढून आत गेले. जाहिरात हीच त्यातली उत्तम गोष्ट, असा विनोद तेव्हापासून चालू आहे.

नंतर मी या सिनेमाविषयी लोकांची मतं शोधून शोधून वाचली. त्यांचे साधारण तीन गट पडतात.

पहिला गट गेम खेळणाऱ्यांचा. त्यांचा राग मला समजतो. गेमच्या तिसऱ्या भागात, १९९४ साली, खरे नट घेऊन प्रसंग चित्रित केले होते आणि ब्लेअरचं काम मार्क हॅमिलने केलं होतं. सिनेमात फ्रेडी प्रिन्झ ज्युनिअर आला, सगळे चेहरे बदलले आणि किलराथींचा पार बाहुला झाला. वर्षानुवर्षं ज्या जहाजावर राहिलो ते हे नव्हेच, अशी त्यांची तक्रार आहे. युनिट सोडून दहा वर्षांनी परत भेट द्यायला गेलं की आपल्यालाही असंच वाटतं. लंगर हलवलेला असतो, मंदिराला रंग दुसरा दिलेला असतो, आणि आपण उगाच चिडतो.

दुसरा गट विज्ञानवाल्यांचा. एका प्रसंगात शत्रूचं जहाज जवळून जात असतं आणि टायगर क्लॉ एका विवरात लपून बसतं. कप्तान हुकूम देतो, कुणी आवाज करायचा नाही. माणसं श्वास रोखून उभी राहतात आणि बाहेरून सोनारचे ठोके ऐकू येत राहतात. अंतराळात हवा नाही, आवाज जाणार कशातून? हसणारे अगदी बरोबर हसतात. हा प्रसंग पाणबुडीचा आहे, तो उचलून चांदण्यांत ठेवलाय. गंमत म्हणजे जहाजावरच्या दुसऱ्या नंबरच्या अधिकाऱ्याचं काम युर्गन प्रोखनोवने केलंय, आणि १९८१ च्या ‘दास बूट’मध्ये जर्मन पाणबुडीचा कप्तान तोच होता.

पण पाण्याखाली हा खेळ किती खरा आणि किती जीवघेणा असतो, ते आपल्या नौदलाला विचारा. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवजवळ पाकिस्तानच्या ‘हँगोर’ पाणबुडीने आपली ‘खुकरी’ बुडवली. अठरा अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज सोडून निघाले नाहीत. दीवला समुद्राकडे तोंड करून त्यांचं स्मारक आहे. ते पाहून आल्यापासून सोनारचा ठोका सिनेमात ऐकला तरी मला हसू येत नाही. अर्थात हा माझा प्रश्न, सिनेमाचा गुण नव्हे.

सगळ्यात जास्त हसू होतं ते बुलडोझरला. एक जायबंदी विमान जहाजावर उतरताना आपटतं आणि धावपट्टी अडते. मग बुलडोझर येतो आणि तो सांगाडा ढकलून कडेवरून खाली पाडतो. खाली म्हणजे कुठे? अंतराळात खाली काय असतं? आमच्या पोरांनी हा प्रसंग मागे नेऊन तीनदा पाहिला. ट्रान्सपोर्टचा एक ड्रायव्हर म्हणाला, “जेसीबी स्वर्गातही सोडत नाही बघा आपल्याला.” मीसुद्धा हसलो.

हा प्रसंग कुठून आला हे मात्र ठाऊक असावं. हा गेम मुळात दुसऱ्या महायुद्धातल्या पॅसिफिक समुद्रातल्या विमानवाहू जहाजांवर बेतलेला आहे. तिथे मोडकं विमान धावपट्टीवर पडलं की ते समुद्रात ढकलत, कारण वर आणखी विमानं घिरट्या घालत असत आणि त्यांचं इंधन संपत आलेलं असे. १९७५ साली सायगाव पडलं तेव्हा अमेरिकन जहाजांवरून चांगली हेलिकॉप्टरंसुद्धा लोटून दिली, पुढच्याला उतरायला जागा हवी म्हणून. तेव्हा ढकलण्यात वेडेपणा नाही. वेडेपणा आहे तो खाली पडण्यात.

तिसरा गट या सिनेमावर प्रेम करणाऱ्यांचा. सिनेमा वाईट आहे हे मान्य करून ते तो पुन्हा पुन्हा बघतात. त्यातली लढाऊ विमानं जुन्या ब्रिटिश ‘लाइटनिंग’ विमानांच्या सांगाड्यांतून उभी केली होती, त्यामुळे ती जड, वापरलेली, तेलकट वाटतात. मला त्यांचं पटतं. एमटीमध्ये उभी असलेली जुनी शक्तिमान गाडी ज्याला आवडते त्याला ही विमानंही आवडतील.

आता मी ज्या गोष्टीसाठी उठून गेलो तिच्याकडे येतो. तिन्ही गट तिच्यावर फार बोलत नाहीत, किंवा बोलले तर एका ओळीत नाटकी म्हणून उडवून लावतात.

जहाजावर नवा आलेला ब्लेअर एक विमान पाहतो. ते आधी ज्याचं होतं त्याचं टोपणनाव बॉसमन. ब्लेअर त्याच्याबद्दल विचारतो. त्याला उत्तर मिळतं की असा कुणी नव्हताच. या जहाजावर तसा नियम आहे. वैमानिक मेला की तो मेला असंही म्हणायचं नाही. तो कधी नव्हताच. नाव काढायचं नाही.

इथे आमच्या खोलीत एका पोराने मागे वळून विचारलं, “साहेब, असं खरंच करतात काय कुठं?”

मी म्हणालो, “नाही रे. सिनेमा आहे.” आणि पाणी प्यायच्या निमित्ताने बाहेर गेलो.

ते उत्तर खोटं होतं.

२००३ च्या पावसाळ्यात आम्ही अरुणाचलात होतो. मी नायक होतो. माझा बडी आणि मी तीन वर्षं एका तंबूत, एका बंकरमध्ये, एका ताटात काढलेली. ऑगस्टमध्ये एका सकाळी रस्ता उघडायला पार्टी गेली आणि वरून दरड आली. शत्रू नाही, गोळी नाही. बाकीचे वाचले, तो राहिला. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही, तो हक्क त्याच्या घरच्यांचा आहे. आमच्या युनिटचे जे वाचतील त्यांना कळेल.

जवान गेला की त्याच्या सामानाची यादी करायला समिती बसते. तिला कमिटी ऑफ अ‍ॅडजस्टमेंट म्हणतात. १९५० च्या कायद्याप्रमाणे हे काम चालतं: वस्तू मोजायच्या, देणी भागवायची, येणी वसूल करायची, उरलेलं वारसाला पाठवायचं. मला मदतीला बसवलं, कारण त्याच्या काळ्या पेटीत काय कुठे आहे हे मला माहीत होतं. स्वेटर दोन. पँट एक. ट्रान्झिस्टर एक. विठ्ठलाचा फोटो एक. इनलँड पत्रं अकरा. हिशेबाची वही एक. त्या वहीत माझ्या नावावर तीनशे वीस रुपये होते. ते मी तिथेच काढून टेबलावर ठेवले आणि त्याची पावती घेतली.

एक काचेची बरणी होती, रिकामी. मी विचारलं, ही घ्यायची का यादीत? मेजरसाहेब दमले होते, तीन दिवस झोपले नव्हते. म्हणाले, रिकामी आहे ना, राहू दे. मी ती लंगरच्या मागे टाकून आलो.

त्यानंतर आमच्या सेक्शनमध्ये त्याचं नाव कुणी घेतलं नाही. तसा हुकूम नव्हता. कुणी कुणाला सांगितलंही नाही. त्याची चारपाई दोन दिवस रिकामी राहिली, तिसऱ्या दिवशी तिथे नवा माणूस आला. नव्याने विचारलं, इथे आधी कोण होतं? कुणीतरी म्हणालं, “कोई नहीं, बिस्तर लगा.” तो कुणीतरी मीच होतो.

म्हणून सांगतो, हा नियम नाटकी नाही. ब्रिटिश हवाई दलाच्या बॉम्बर कमांडमध्ये महायुद्धात ५५,००० हून जास्त माणसं गेली. तिथे कुणी परतलं नाही तर तो मेला असं मेसमध्ये म्हणत नसत, तो बिअर प्यायला गेला अशा अर्थाचा शब्दप्रयोग करत. त्यांच्याकडेही सामान आवरणाऱ्या समितीला हेच नाव होतं. आपल्याला कायद्यासोबत सवयही थोडी वारशात मिळाली असावी.

आणि ही सवय कामाची आहे, हेही मी मान्य करतो. दुसऱ्या दिवशी तोच रस्ता उघडायचा होता. त्याच दरडीखालून जायचं होतं. रात्रभर त्याच्याबद्दल बोलत बसलो असतो तर सकाळी पाय उचलले नसते. प्रत्येकाजवळ पहिली पट्टी असते, एफएफडी. जखम झाली की तिथल्या तिथे ती दाबून बांधायची, रक्त थांबवायचं आणि माणूस मागे न्यायचा. ‘असा कुणी नव्हताच’ हे म्हणणं तशी पट्टी आहे. सिनेमावाल्यांनी ती दाखवली, यात त्यांचं काही चुकलं नाही.

पण पट्टी बांधून कुणी अकरा वर्षं हिंडत नाही. मी हिंडलो.

तो गेला त्याच्या पुढच्या वर्षी मी सुट्टीत त्याच्या गावी गेलो होतो, सांगली जिल्ह्यात. त्याच्या आईने मला ओसरीवर बसवलं. तिने ना दरडीचं विचारलं ना पेन्शनचं. तिने एकच विचारलं, “आदल्या रातीला काय जेवला रं तो?”

मला माहीत होतं. पूर्ण माहीत होतं. पण तोंडातून निघालं ते दुसरंच. “आई, तो ड्यूटीवर गेला. सगळ्या पलटणीला त्याचा अभिमान आहे.” दरबारात बोलतात तसं. ती काही बोलली नाही. उठून चहा टाकायला आत गेली.

लोक म्हणतील, एवढी मोठी फौज, तिने आपल्या माणसांची नावं जपलीच आहेत की. खरं आहे, आणि मला त्याचा अभिमान आहे. त्याच अरुणाचलात, सेला ओलांडून तवांगकडे जाताना, जसवंतगढ लागतं. रायफलमन जसवंतसिंह रावत, चौथी गढवाल रायफल्स, नोव्हेंबर १९६२, महावीर चक्र. तिथे आजही त्यांचं अंथरूण घातलं जातं, गणवेशाला इस्त्री होते, पहाटे चहा ठेवला जातो. नथुलाजवळ बाबा हरभजनसिंगांसाठी बूट पॉलिश होतात. एके काळी त्यांना दरवर्षी सुट्टीवर पाठवत आणि रेल्वेत त्यांची जागा राखून ठेवत. टायगर क्लॉवर मेलेला माणूस कधी नव्हता. आपल्याकडे मेलेल्याला रजा मिळते. दिल्लीच्या राष्ट्रीय युद्ध स्मारकात २०१९ पासून ग्रॅनाइटवर एकेक नाव कोरलेलं आहे.

आपल्या गावागावांत पहिल्या महायुद्धाच्या दगडी पाट्या आहेत, पाहिल्या असतील. या गावातून इतके लढायला गेले, त्यांपैकी इतके कामी आले. फक्त आकडा. कुणाचा कोण, काही नाही. त्या पाटीपासून ग्रॅनाइटवरच्या नावापर्यंत आपण शंभर वर्षांत आलो, हे थोडं नाही.

पण नाव कोरणं हे सरकारचं आणि पलटणीचं काम. तो जेवला काय, हे ग्रॅनाइट सांगू शकत नाही. ते फक्त त्याच्या बाजूच्या चारपाईवाल्याला माहीत असतं. तोच गप्प बसला तर माणूस स्मारकात राहतो आणि घरातून जातो.

मूळ गेममध्ये ही गोष्ट जास्त बरी होती, असं खेळणारे सांगतात आणि ते मला पटतं. तिथे तुमचा जोडीदार वैमानिक मेला तर त्याचा रीतसर अंत्यविधी दाखवत. सगळे रांगेत उभे, शवपेटी अंतराळात सोडलेली. आणि बॉसमन हा त्या पहिल्या गेममधला वैमानिक होता. खेळणारे त्याला शेजारी घेऊन उडत असत. म्हणजे सिनेमागृहात बसलेल्या जुन्या खेळाडूंना बॉसमन कोण हे चांगलंच माहीत होतं, आणि पडद्यावरचे लोक त्यांनाच सांगत होते की असा कुणी नव्हता. गेमवाल्यांचा राग मला सगळ्यात खरा वाटतो तो इथे. हॅमिल असो की प्रिन्झ, त्याचं मला काही नाही.

सिनेमाची खरी चूकही इथेच आहे असं माझं मत आहे. नियम दाखवला, पण त्याची किंमत पुरती दाखवली नाही. तोफा वाजल्या, मांजरं हरली, सिनेमा संपला. तो नियम पाळून घरी गेलेला माणूस दहा वर्षांनी कसा दिसतो, ते दाखवायला वेळ नव्हता. बुलडोझरला वेळ होता.

जैसलमेरहून मी सप्टेंबरमध्ये सुट्टीवर आलो आणि पहिल्याच आठवड्यात त्या गावी गेलो. आई थकली होती, पण ओळखलं. मी चहा यायच्या आधीच बोलून टाकलं. “आई, आदल्या रात्री राजमा-चावल होता. त्याला राजमा आवडायचा नाही. तुम्ही दिलेलं लिंबाचं लोणचं संपलं होतं. त्याने बरणीत चपाती फिरवून फिरवून पुसून खाल्ली. मी म्हटलं, काच खातो काय? तर म्हणाला, तुला नाही कळायचं.”

ती हसली. पदर तोंडाला लावून बराच वेळ हसली. लोणच्याशिवाय त्याला लहानपणापासून घास जात नव्हता म्हणाली. मग शेजारणीला हाक मारून बोलावलं आणि मला पुन्हा सगळं सांगायला लावलं.

नंतर शेजारीण गेल्यावर तिने हळूच विचारलं, “आणि बरणी? माझ्या सासूची होती ती. सामानात काय आली न्हाई.”

मी खरं सांगितलं. रिकामी होती म्हणून टाकली. मीच टाकली.

ती गप्प झाली. माफ केलं असं म्हणाली नाही, रागावलीही नाही. निघताना तिने प्लास्टिकच्या डब्यात लोणचं बांधून दिलं. डबा परत आणून द्यायचा, असं बजावलं. त्या डब्यापायी मी आता दरवर्षी जातो.

हे लिहायचं कारण माझ्यासारखे पेन्शनर. आपण मेळाव्याला जमतो, पुष्पचक्र वाहतो, दोन मिनिटं उभे राहतो, मग कॅन्टीन कार्ड आणि ओआरओपीवर बोलतो. त्यात वाईट काही नाही. पण तुमच्या बाजूच्या चारपाईवर जो होता त्याच्या घरी कधी गेला होतात? त्याची बायको, भाऊ, आता मोठी झालेली मुलगी, यांना शौर्य माहीत आहे. ते प्रमाणपत्रावर लिहिलेलं असतं. तो घोरायचा की नाही, पत्त्यांत चोरी करायचा का, पहिल्या बर्फात कसा घसरून पडला, हे त्यांना माहीत नाही. त्या मुलीने बापाचा आवाजही ऐकलेला नसेल. तुम्ही नक्कल करून दाखवू शकता.

आणि जे आज युनिटमध्ये आहेत त्या पोरांना एवढंच सांगेन की पहिल्या रात्री गप्प बसा, हरकत नाही. सकाळी रस्ता उघडा. पण त्या चारपाईवर नवा माणूस आला आणि त्याने विचारलं, आधी कोण होतं, तर त्याला नाव सांगा. मग बिस्तर लावू द्या.

ज्या पोराने मला जैसलमेरला प्रश्न विचारला होता तो आता हवालदार झालाय. परवा फोन आला तेव्हा मी त्याला म्हटलं, तू त्या दिवशी विचारलं होतंस ना, असं खरंच करतात का? त्याला सिनेमा आठवत होता, प्रश्न आठवत नव्हता. “तो बुलडोझरवाला ना, साहेब?” म्हणाला आणि हसायला लागला.

मी म्हटलं हो, तोच. आणि मग त्याला माझ्या बडीचं नाव सांगितलं.

जय हिंद.